चाकावरचं पाणी ओतून देऊ नका

गणपती उठले की आमच्या कॉलनीत दरवर्षी एक प्रश्न फिरतो. शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित केली, आता तळाला बसलेल्या चिखलाचं करायचं काय? पीओपीच्या मूर्तींचा वाद न्यायालयापर्यंत गेला, तो सगळ्यांनी बातम्यांत वाचला आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांनी शाडू आणला. पण विसर्जनानंतर त्या मातीचं काय, हे कुणी सांगत नाही. मग कुणी चिखल मोरीत ओततं, कुणी कुंडीत. कुंडीत ओतला तर वाळल्यावर त्याची घट्ट खपली होते आणि झाडाच्या मुळाशी पाणीच उतरत नाही. मोरीचं काय होतं ते पुढे सांगते.

हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, कारण लातूरला घराच्या गच्चीवर माझं कुंभारकामाचं चाक आहे, एक लहान विजेची भट्टी आहे आणि कोपऱ्यात झाकण लावलेल्या तीन बादल्या आहेत. घरी मातीकाम सुरू केलेल्या नव्या मंडळींचा प्रश्नही तोच असतो, फक्त शब्द वेगळे. मातीचं पोतं आणलं, भांडी झाली चार, आणि बाकी सगळी कातरण, मोडके काठ, चाकाभोवतीचा चिखल. हे टाकायचं का? माती जड असते, लांबून मागवावी लागते आणि कधी कधी मातीपेक्षा भाडंच जास्त होतं. टाकायची अजिबात गरज नाही. फक्त ती परत मिळवायची रीत समजून घ्यावी लागते, आणि रीत कळायला आधी माती कळावी लागते.

## तेरची खापरं आणि कालचा दिवा

धाराशिव जिल्ह्यातलं तेर आपल्याला गोरोबाकाकांमुळे माहीत असतं. त्याच तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीत, सातवाहन काळातली खापरं, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, खेळणी सापडली. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात ती बघायला मिळतात. सुमारे दोन हजार वर्षांचे पावसाळे त्या खापरांनी जमिनीत काढले, तरी त्यांचा चिखल झाला नाही. आणि तुम्ही काल घडवलेला, उन्हात खडखडीत वाळलेला दिवा पाण्यात टाका, अर्ध्या तासात त्याचा ढीग होतो.

हा फरक आगीनं पडतो. मातीचा कण म्हणजे एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्याचा आकार २ मायक्रॉनहूनही लहान. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. अशा असंख्य पापुद्र्यांच्या मधे पाण्याचा थर असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की त्या सरकतात, पण उचलून सुट्या करायला गेलं तर चिकटून राहतात. मातीचंही तसंच. पापुद्रे सरकतात म्हणून तिला आकार देता येतो आणि चिकटून राहतात म्हणून तो आकार टिकतो. भांडं घडवायच्या मातीत वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पाणीच असतं.

उन्हात माती वाळते तेव्हा फक्त हे मधलं पाणी उडून जातं. ते परत दिलं की माती परत मऊ. पण दुसरं एक पाणी पापुद्र्याच्या घडणीतच गुंफलेलं असतं. शुद्ध केओलिनमध्ये, म्हणजे चिनी मातीतल्या मुख्य खनिजात, ते वजनाच्या जवळपास १४ टक्के असतं. मराठवाड्याचं मे महिन्यातलं ऊनही त्याला हात लावू शकत नाही. भट्टीत ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते निघून जातं, पापुद्र्याची घडणच मोडते, आणि मग कितीही भिजवा, ती परत येत नाही. घरच्या भट्टीतली पहिली भाजणी, जिला बिस्क म्हणतात, ती ९५० ते १००० अंशांची असते. म्हणजे एकदा बिस्क झालं की परतीची वाट बंद.

मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर मारून बघितलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात कच्चं असणं हा उणेपणा आहे. माझ्या गच्चीवर मात्र कच्चं मडकं ही मोठी सोय आहे. काठ वाकडा झाला, कान तुटला, मन बसलं नाही, तर ते अजून बादलीत जाऊ शकतं.

## विरी कुठे जाते?

ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडा फाटतात. सासूबाई म्हणतात, "पिठाची विरी गेली." पुन्हा वापरलेल्या मातीबद्दलची तक्रार अगदी हीच असते. चाकावर वर ओढली की फाटते, कान वळवताना चिरते, हाताला वाळूसारखी लागते. म्हणून पुष्कळ जण ठरवून टाकतात की उरलेली माती हलक्या दर्जाची, तिचे दिवेच करावेत.

जुनेपणामुळे पिठाची विरी जाते. मातीची मात्र आपण स्वतः ओतून देतो. चाकावर काम करताना हात सारखे पाण्यात बुडतात. ते पाणी मातीतले सगळ्यात बारीक कण धुऊन नेतं, कारण बारीक कण आधी सुटतात आणि उशिरा खाली बसतात. जाडे कण आणि रेती भांड्यात राहते, बारीक कण परातीतल्या गढूळ पाण्यात जातात. मातीला ताणून घेण्याची ताकद मुख्यतः या बारीक कणांमुळे असते. संध्याकाळी आपण ते पाणी फेकतो, कातरण तेवढी जपून ठेवतो आणि महिन्याने म्हणतो की माती बिघडली.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. जवळच्या कुंभारवाड्यात मी अधूनमधून जाते. तिथले एक मामा एकदा गच्चीवर आले होते, चाक बघायला. मी काम संपवून परात उचलली तसे ते म्हणाले, "ताई, त्ये पानी सांडू नगा. सगळी विरी त्याच्यातच ऱ्हाती बगा." त्या दिवसापासून माझ्या तीन बादल्यांपैकी एक त्या पाण्याची आहे.

विरी आहे की नाही हे तपासायला अर्धं मिनिट लागतं. पेन्सिलीएवढी जाड वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. वळी गुळगुळीत वळली तर माती चाकाजोगी आहे. बाहेरच्या अंगाला बारीक चिरा पडल्या तर अजून काम बाकी. खोल भेगा पडून तुकडे झाले तर पाणी फेकणाऱ्याला विचारा.

## ओली नव्हे, पूर्ण वाळलेली माती भिजवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि मीही केली. पहिल्या वर्षी मला वाटलं, अर्धवट वाळलेली माती तर आधीच निम्मी ओली आहे, ती लवकर भिजेल. भांड्यांचे अर्धवट वाळलेले तुकडे बादलीत टाकले, पाणी ओतलं आणि रोज काठीनं ढवळत राहिले. तीन आठवड्यांनी हात घातला तर वर चिखल आणि आत अक्रोडासारखे घट्ट गोळे. ते गोळे चाळणीवर घासून घासून बोटांची सालं निघाली.

कारण सोपं आहे. पूर्ण वाळलेल्या मातीतली सूक्ष्म छिद्रं रिकामी असतात, नुसती हवा. पाणी त्यांत झपाट्यानं शिरतं, आतली हवा कोंडते, दाबली जाते आणि मातीला आतून ढकलून फोडते. अर्धवट वाळलेल्या मातीची छिद्रं आधीच पाण्यानं भरलेली, त्यामुळे नवं पाणी शिरायला जागा नाही आणि फोडायला हवाही नाही. कडक वाळलेली भाकरी आमटीत घातली की कशी भराभरा आमटी पिते, ताजी मऊ भाकरी तशी पीत नाही.

एकदा हे मुद्दाम जवळ बसून बघा. काचेच्या बरणीत पाणी घ्या आणि वाळलेल्या काठाचा एक तुकडा आत सोडा. आधी बुडबुड्यांच्या बारीक माळा वर येतात. कान जवळ नेला तर चुर्र असा हलका आवाज येतो. मग कडेनं पापुद्रे सुटू लागतात, एक मोठा टवका कलंडतो, त्याच्या मागून दुसरा. दहा-पंधरा मिनिटांत तुकड्याच्या जागी मऊ टेकडी असते. मूर्ती विरघळली असं आपण म्हणतो, पण माती मिठासारखी विरघळत नाही. तिचे कण सुटे होतात आणि खाली बसतात. म्हणूनच ती परत मिळते.

तेव्हा रीत अशी. सगळी कातरण आणि मोडकी भांडी उन्हात पूर्ण वाळू द्या. आपल्याकडे मार्चपासून मेपर्यंत हे दोन दिवसांत होतं, पावसाळ्यात आठ-दहा दिवस धरा. गालाला लावून बघा, गार लागली तर आत ओल आहे. हाताच्या तळव्याएवढे तुकडे करून बादलीत घाला, वर चार बोटं पाणी येईल इतकं पाणी सोडा, झाकण लावा आणि दोन दिवस विसरून जा. ढवळू नका. ढवळलं की तुकड्याभोवती चिखलाचा लेप बसतो आणि पाण्याची आत जायची वाट बुजते.

तुकडे करताना एक काळजी कसोशीनं घ्या. वाळलेली माती कुटू नका, चाळू नका, झाडू मारू नका. मातीत सिलिका असते आणि तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुफ्फुसात जाऊन बसते, ती बाहेर येत नाही. वर्षानुवर्षं ती आत गेली तर सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरं करणारा उपाय नाही. घरात लहान मुलं असतील तर हे आणखी महत्त्वाचं. तुकडे ओल्या गोणपाटाखाली मोडा, एन-९५ मास्क लावा, गच्ची ओल्या फडक्यानं पुसा. तसंही कुटायची गरज नसते, पाणी ते काम फुकट करतं.

## वरचं पाणी कधी काढायचं?

दोन दिवसांनी बादली ढवळून एकजीव करा, जपून ठेवलेलं चाकावरचं पाणी त्यात ओता आणि सगळं जुन्या मच्छरदाणीच्या जाळीतून गाळा. केस, स्पंजाचे तुकडे, काडी, कधी एखादी हरवलेली सुई, सगळं जाळीवर राहतं. जाडी रेती घातलेली माती असेल तर मात्र जाळी मोठ्या भोकांची घ्या, नाहीतर तिची रेतीच निघून जाईल.

आता बादली शांत ठेवायची. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपण तुरटी फिरवतो आणि गाळ खाली बसतो. बारीक कण एकमेकांना दूर ढकलत पाण्यात तरंगत असतात. तुरटीमुळे ते ढकलणं थांबतं, कणांचे पुंजके होतात आणि वजनानं खाली येतात. क्षाराचं बोअरचं पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हेच काम आपोआप थोडं करतं, म्हणून आमच्याकडे माती लवकर बसते. पाणी गोडं असेल आणि आठवड्यानंतरही गढूळच दिसत असेल तर बादलीला एक-दोन चमचे व्हिनेगर घाला.

वर आलेलं पाणी नितळ झालं, तरच काढा. जरा जरी पांढुरकं किंवा तांबूस दिसत असेल तर थांबा, मामांची विरी अजून त्यात आहे. नितळ पाणी मी पुन्हा चाकावर वापरते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं ते दिवस लातूरकर विसरलेले नाहीत, त्यामुळे "या छंदाला पाणी किती लागतं?" हा पाहुण्यांचा प्रश्न मला कधीच आगाऊ वाटत नाही. उत्तर असं की तेच ते पाणी फिरत राहतं, आणि नवं घालावं लागतं ते फक्त उडून गेलेल्याच्या जागी.

एक अपवाद. बोअरचं पाणी फार क्षाराचं असेल तर तेच पाणी वर्षभर फिरवल्यानं क्षार साठत जातात. भांडं वाळताना ते पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि काठावर पांढरी साय धरते. भाजल्यावरही ती दिसते आणि वरचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, नीट धरू देत नाही. तशी साय दिसू लागली की नितळ पाणी दोन-तीन वेळा संडासाला वापरून टाका आणि बादलीत पावसाचं पाणी घ्या. पन्हाळीखालची एक बादली पुरते.

## चिखलाचा चक्का

तळाला उरतो तो दह्यासारखा चिखल. यातलं पाणी कमी करायचं म्हणजे घरात चक्का टांगतात तेच करायचं. जुन्या सुती धोतराचा तुकडा, उशीचा अभ्रा किंवा सुती पँटचा एक पाय खालून बांधून त्यात चिखल भरा आणि सावलीत टांगा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत माती मळण्याजोगी होते. घाई असेल तर पीओपीची लादी वापरतात. १० किलो पीओपीला ७ लिटर पाणी हे माप धरून तीन-चार बोटं जाडीची लादी ओतली की ती वाळल्यावर टीपकागदासारखी पाणी ओढते. लादीवर चिखल पसरायचा, खालची बाजू आपोआप सुटायला लागली की पालथा करायचा.

इथे वाचक हटकून अडवतील: मूर्तीसाठी पीओपी वाईट म्हणता आणि इथे वापरता? दोन्ही बरोबर आहे. पीओपी पाण्यात टाकला की मातीसारखा सुटा होत नाही, कारण कालवल्यावर तो पुन्हा जिप्समचा दगड झालेला असतो. नदीत गेला तर तो गाळात वर्षानुवर्षं पडून राहतो, हा मूर्तीबाबतचा आक्षेप. आमची लादी पाण्यात जात नाही, दहा-दहा वर्षं कोपऱ्यात उभी असते. पण याच गुणामुळे तिचा कपचा मातीत जाता कामा नये. माझ्या एका डब्याच्या झाकणावर, भाजून आठ दिवस झाल्यावर, नखाएवढा टवका उडाला आणि खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका निघाला. तो लादीचा कपचा होता. भट्टीतून आल्यावर तो हवेतला ओलावा पितो, फुगतो आणि वरची माती फोडून काढतो. म्हणून लादीवर पत्र्याची खुरपणी कधीही चालवू नका, लाकडी पट्टी घ्या. लादीच्या कडा झिजायला लागल्या की ती बदला. सुरुवात करणाऱ्याला मी कापडाचाच मार्ग सुचवेन.

## मळणं: कणीक आणि दहा लाख थर

चक्क्यासारखी माती अजून एकसारखी नसते. एक भाग मऊ, एक घट्ट. मी ती तारेनं मधोमध कापते, एक अर्धा दुसऱ्यावर आपटते, पुन्हा उभी करून कापते. दर वेळी थर दुप्पट होतात. वीस वेळा केलं तर थरांची संख्या दहा लाखांच्या पुढे जाते. त्यानंतर कणीक मळतो तसं तळव्याच्या टाचेनं दाबत, फिरवत पन्नास-साठ वेळा मळायचं. कापून बघितलं की चीर साबणाच्या वडीसारखी सपाट दिसली पाहिजे, भोकं नकोत, रेघा नकोत. मनगटं दुखत असतील तर पाटावर गोणपाट टाकून पायानं तुडवा. गोरोबाकाकांच्या कथेतलं तुडवणं हेच, आणि अजूनही जास्त मातीला त्याहून चांगला उपाय नाही.

मग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून महिनाभर ठेवा. कणीक मळून झाकून ठेवली की पोळी मऊ होते, मातीतही पाणी प्रत्येक पापुद्र्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. अर्धी नवी आणि अर्धी अशी जुनी, हे मिश्रण मला तर निव्वळ नव्या पोत्यापेक्षा आवडतं.

पिशवी उघडली की गटारासारखा वास येतो, काळे डाग दिसतात, तेव्हा नवे लोक घाबरतात. ते जिवाणूंचं काम आहे. भट्टीत सगळं जळून जातं आणि अशी माती हाताला बहुधा जास्त चिकण लागते. बुरशी दिसली आणि घरात कुणाला दमा असेल तर हातमोजे घालून मोकळ्या हवेत मळा, एवढंच.

## जुन्या मातीची भांडी भट्टीत फुटतात ना?

हा समज फार पसरलेला आहे, आणि दोष हवेच्या बुडबुड्याला दिला जातो. बुडबुड्यातली हवा तापली तरी तिचा दाब भांडं उडवण्याइतका वाढत नाही. फोडते ती वाफ. पाण्याची वाफ होताना आकार सुमारे १,६०० पटींनी वाढतो. भांड्याच्या जाड बुडात ओल राहिली आणि भट्टी भराभरा १०० अंशांपुढे नेली तर त्या वाफेला वाट मिळत नाही. नवी माती असो वा जुनी, ओलं भांडं फुटेलच. पुरतं वाळवा, भट्टी पहिले काही तास १०० अंशांच्या खाली ठेवा, झाकण किंचित उघडं राहू द्या. मळायचं ते हात नीट चालावा म्हणून, भांडं वाचावं म्हणून नव्हे.

खरा धोका दुसराच आहे, मातींची सरमिसळ. तांबडी टेराकोटा साधारण १००० ते ११०० अंशांत पक्की होते, स्टोनवेअर, म्हणजे भाजल्यावर दगडासारखी घट्ट होणारी माती, १२०० च्या पुढे. दोन्हींची कातरण एकाच बादलीत गेली आणि ते भांडं स्टोनवेअरच्या तापमानाला भाजलं तर फोड येतात, कधी भांडं बसून पसरतं आणि भट्टीची फळी खराब करतं. म्हणून प्रत्येक मातीची बादली वेगळी, वर मोठ्या अक्षरांत नाव. नाव विसरलेल्या बादलीची माती फक्त कमी तापमानाला भाजा.

## शेतातली काळी माती घालून विरी वाढेल का?

हा प्रश्न मराठवाड्यातच येतो आणि तो हुशारीचा आहे. काळ्या रानाची माती पावसात केवढी चिकट होते आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, हे आपण जन्मापासून बघतो. त्या चिकटपणामागे मॉन्टमोरिलोनाइट गटातली खनिजं आहेत. दुकानात बेंटोनाइट नावाची चिकण मातीची पूड मिळते, कच्छमध्ये त्याच्या खाणी आहेत, त्यातही मुख्यतः तेच खनिज असतं. विरी गेलेल्या मातीला शंभर किलोमागे एक-दोन किलो बेंटोनाइट घातलं तर फरक पडतो. ते आधी वेगळं भिजवून मगच मिसळायचं, कोरडं टाकलं की गुठळ्या होतात.

मग शेतातलीच का नको? एक तर ती फार आकसते आणि भांड्याला भेगा पाडते. दुसरं म्हणजे तिच्यात चुनखडीचे खडे असतात. ८५० ते ९०० अंशांच्या आसपास चुनखडीचा कळीचा चुना होतो, तो नंतर हवेतला ओलावा घेऊन फुगतो आणि लादीच्या कपच्यासारखाच टवका उडवतो. कुंभार तळ्यातला पोयटा, राख, लीद मिसळून काळ्या मातीला वळण लावतात. त्यामागे पिढ्यांची पारख आहे, आपण मूठभर माती आणून ते साधत नाही.

किती आकसते हे मोजायची सोय सोपी आहे. मातीची पट्टी लाटा, पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. वाळल्यावर मोजा, भाजल्यावर मोजा. ९ सेंटिमीटर उरली तर आकसणं १० टक्के. नव्या पोत्याच्या आणि बादलीच्या मातीचे आकडे जवळपास आले की दोन्ही निर्धास्त मिसळा.

## मोरी, शाडू आणि राहिलेलं

पहिल्या वर्षी मी हात आणि हत्यारं थेट मोरीत धूत असे. सहा महिन्यांनी पाणी जाईना. प्लंबरनं वळणाचा पाइप काढला तर आत मातीची घट्ट कांडी, पाइपाच्याच मापाची. ती माती आजही मी वापरू शकले असते, पण तिच्यात साबण होता. आता आधी एका बादलीत हात खंगाळते, मग दुसरीत, आणि मोरीवर जाते ते जवळपास स्वच्छ हात घेऊन.

शाडूच्या बादलीचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. मूर्ती विसर्जनाआधी निर्माल्य, दागिने, तारा काढून घ्या. रंग असेल तर ओल्या फडक्यानं जेवढा निघेल तेवढा काढा. माती बसली की नितळ पाणी झाडांना, चिखल कापडात टांगायचा, मळायचा, पिशवीत बांधून कपाटावर. पुढच्या भाद्रपदात त्याचीच मूर्ती. मातीची विरी कमी झाल्यासारखी वाटली तर थोडी नवी शाडू मिसळा. चाकावरच्या मातीत मात्र शाडू टाकू नका, सरमिसळीचा नियम तिलाही लागू आहे.

आणि भाजलेले तुकडे? त्यांचा चिखल होणार नाही, हे तेरच्या खापरांनी दाखवलंच. पण बिस्क झालेली, ग्लेझ न लावलेली फुटकी भांडी मी ओल्या गोणपाटात गुंडाळून फोडते आणि पाण्यातच बारीक करते. जुन्या वाड्यांच्या चुन्यात विटेची सुरखी घालत, तसा हा चुरा नव्या मातीत घातला की ती कमी आकसते आणि मोठ्या ताटांना वाळताना बाक येत नाही. शंभर भाग मातीला दहा भाग चुरा पुरतो. ग्लेझ लावलेले तुकडे त्यातही चालत नाहीत. ते कुंडीच्या बुडातल्या भोकावर उपडे ठेवते, माती वाहून जात नाही आणि पाणी झिरपत राहतं.